बाईची जात : पंडिता रमाबाई यांच्या चरित्रावरून घ्यावयाचा बोध

आपण प्रभूच्या मंडळीत आलो तेव्हा जात सोडून आलो. उपासनेस एकाच सतरंजीवर बसतो, प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचे तुकडे घेतो, आणि तू कोणत्या वाड्यातला असे कोणी कोणास विचारीत नाही; निदान विचारू नये हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि दोन जाती अशा आहेत की त्या आपल्या पाठोपाठ मुकाट्याने मंदिरात शिरल्या आणि अद्याप बसून आहेत. एक बाईची जात आणि दुसरी पुरुषाची जात. मुलगी वर्गात पहिली आली तरी घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, कितीही शिकली तरी शेवटी बाईची जात. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले की त्यास लाज घालतात, पुरुषासारखा पुरुष असून रडतोस. बायको अंथरुणास खिळली म्हणून कोणी घागर घेऊन पाण्यास निघाला, तर पारावर बसलेले त्यास बायल्या म्हणून हसतात.

देवाने नर व नारी अशी मनुष्ये निर्माण केली हे आपण मानतो, आणि त्याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. अमुक एका बाईच्या अंगी काय आहे, अमुक एका पुरुषाच्या अंगी काय आहे, हे तिच्याकडे व त्याच्याकडे पाहून ठरवावयाचे, की जातीवरून ठरवावयाचे? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्रासारखे दुसरे साधन आम्हास दिसत नाही. त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचा वृत्तान्त ह्या दृष्टीने क्वचितच सांगितला जातो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतातील कोकणस्थ ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री ह्या गुरूंपाशी शिकत असत. हे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीने देववाणी शिकू नये असे सर्व जग म्हणत होते. पण अनंतशास्त्र्यांनी आपल्या कानांनी एका स्त्रीच्या तोंडचे शुद्ध श्लोक ऐकले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. घरी येऊन त्यांनी तसा यत्न केला. परंतु पहिल्या पत्नीस शिकण्याची गोडी लागली नाही, घरच्या वडीलधाऱ्यांसही ते रुचले नाही, आणि तो यत्न फसला. ह्यावरून बायकांस विद्या येतच नाही असा निकाल त्यांनी दिला असता तर कोणी त्यांस दोष दिला नसता. त्यांनी तसा निकाल दिला नाही. एकीस गोडी लागली नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला.

ती पत्नी निवर्तल्यावर त्यांनी गोदावरीच्या काठी पैठण येथे लक्ष्मीबाईंशी दुसरा विवाह केला. मुलगी नऊ वर्षांची होती व शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. तो विवाह आज आपणांस रुचणार नाही. परंतु ह्या मुलीस त्यांनी शिकवले आणि ती विदुषी झाली. लोकांनी गलका केला, पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे आधार काढून उत्तर दिले, आणि निवांतपणे राहता यावे म्हणून पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात, जे आज कर्नाटक राज्यात आहे, तेथे घर बांधले. त्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता घरातील द्रव्य संपले. मुलगी सहा महिन्यांची असता कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटीत घालून तिला डोंगराखाली आणले. पुढे हे कुटुंब गावोगाव पुराणे सांगून त्यावर निर्वाह करी. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंस शिकवण्याचे काम आईने पत्करले. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत आईच त्यांची गुरू होती. घरची कामे सुरू होण्याच्या आधी, पहाटेच्या अंधारात, ती मुलीस जागी करून पाठ देई. थोरली मुलगी कृष्णाबाई हिचा बालपणी विवाह करून तिचे दुःखच पाहावे लागले होते, म्हणून धाकटीच्या विवाहाची शास्त्रीबुवांनी घाई केली नाही.

पुढे दुष्काळ आला. दक्षिणेत अन्नान्न करीत फिरत असता १८७४ साली अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. प्रेत वाहण्यास कोणी मिळेना, तेव्हा पुत्र श्रीनिवास ह्याने ते वस्त्रात बांधून आपल्या पाठीवर घेतले आणि दूरवर नेले. थोड्याच काळाने आई गेली. स्मशान काही मैलांवर होते. खांदा देण्यास दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथे कोणी नव्हते. स्त्रियांनी स्मशानात जाऊ नये, खांदा देऊ नये ही रीत त्या घरासही ठाऊक होती. पण तिरडीची चौथी बाजू कोणीतरी उचलली पाहिजे. रमाबाई पुढे झाल्या. त्या ठेंगण्या होत्या, खांदा पोहोचेना, म्हणून त्यांनी ती बाजू डोक्यावर घेतली आणि आईला तशीच स्मशानापर्यंत नेली. वाचकहो, बापाचे प्रेत पाठीवर वाहणाऱ्या मुलाच्या व आईचे प्रेत डोक्यावर वाहणाऱ्या मुलीच्या अंतःकरणात कोणते अंतर होते, हे ज्यास सांगता येईल त्याने सांगावे. आम्हास सांगता येत नाही.

कृष्णाबाईही लवकरच निवर्तल्या. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने प्राण जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे वर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. भावाचा खड्डा व बहिणीचा खड्डा सारखाच होता.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या अविवाहित मुलीचे संस्कृत ऐकून तेथील पंडित चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मग त्यांनीच तिला विनंती केली की, पडद्यातील स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत. त्याकरिता रमाबाई धर्मशास्त्रे वाचू लागल्या, आणि तेथेच त्यांच्या मनास मोठा धक्का बसला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत हे सविस्तर लिहिले आहे. त्यांस असे आढळले की, हे ग्रंथ बहुतेक प्रत्येक गोष्टीत एकमेकांशी भांडतात; एक जे करा म्हणतो ते दुसरा करू नका म्हणतो. फक्त दोन गोष्टींविषयी सर्वांचे एकमत आहे. स्त्री कोणत्याही वर्णाची असो, ती अविश्वासू व वाईट, आणि स्वतःच्या बळावर तिला मोक्ष नाही, ही एक. शूद्रासही तोच न्याय, ही दुसरी.

ज्या आमच्या वाचकांच्या आजापणज्यांस गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांस ह्या वाक्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने तुमचे तोंड पाहिले नाही, तुमची कमाई, तुमचे शब्द, तुमची सचोटी पाहिली नाही, त्याने तुमच्या जन्माआधीच तुमचा निकाल लिहून ठेवावा, हे कसे लागते ते आपण जाणतो. रमाबाई ब्राह्मण असूनही त्यांनी ते त्या दिवशी जाणले. म्हणून आम्ही म्हणतो की, ज्याने एक जात सोडली त्याने दुसरी मुठीत धरून ठेवणे शोभत नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणीने विवाह केला. शास्त्राच्या दृष्टीने ते शूद्र होते. संसार दोन वर्षेही टिकला नाही. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली.

पुण्यास त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि १८८२ सालीच स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षण कमिशनापुढे, ज्यास हंटर कमिशन म्हणतात, त्यांनी साक्ष दिली. स्त्री शिक्षिका पाहिजेत, स्त्री तपासनीस पाहिजेत, स्त्रियांकरिता स्त्री डॉक्टर पाहिजेत, असे त्यांनी मागितले. ही मागणी का केली हे नीट पाहावे. पुरुष डॉक्टरांस विद्या कमी म्हणून नव्हे, तर रिवाज असा होता की बाई मरेल पण परपुरुषास नाडी दाखवणार नाही, म्हणून. बाईचा स्वभाव कोणता आणि रिवाजाने तिच्यावर लादलेले ओझे कोणते, ही निवड त्यांनी येथे केली. बरीच भांडणे केवळ ही निवड न केल्यामुळे होतात. पाय बांधलेल्या मनुष्यास धावता येत नाही हे पाहून, ह्याच्या जातीस धावणे येतच नाही असे आपण म्हणतो.

परंतु सत्य सांगावयाचे तर, त्या काळच्या रमाबाईंच्या लेखणीतूनही सरसकट बोल निघाले. स्त्रीधर्मनीतीमध्ये स्त्रियांच्या अज्ञानाविषयी व आळसाविषयी कठोर शब्द आहेत. कमिशनापुढील साक्षीत पुरुषांची पाळी आली. शिकलेल्या पुरुषांपैकी शंभरांत नव्याण्णव स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, आणि बाईची राईएवढी चूक दिसली तर ते तिचा पर्वत करतात, असे त्यांनी सांगितले. त्यांनी सोसलेल्या गोष्टी पाहता हा संताप समजण्यासारखा आहे. पण त्यांस शिकवणारे वडील पुरुष होते. बरोबरीने उपाशी राहिलेला भाऊ पुरुष होता. त्यांच्या विद्येचा अभिमान बाळगणारे पती पुरुष होते. आणि त्या वेळी पुण्यात त्यांचे स्वागत करणारे न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर हेही पुरुषच होते. ह्या सर्वांस त्या शंभरातल्या एकात बसवावे लागते. बायकांविषयीचा सरसकट निकाल जसा खोटा, तसा पुरुषांविषयीचाही पुरता खरा नसतो. पुढील आयुष्यात रमाबाईंनी जे काम केले ते अशा हिशेबाने केले नाही.

१८८३ साली त्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. वॉन्टेज येथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला आणि तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी आईचा व मुलीचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती सोडावी लागली. मग चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकू लागल्या व संस्कृत शिकवूही लागल्या.

येथे जे घडले ते आपल्या मंडळ्यांनी विसरू नये. रमाबाईंनी तरुण पुरुषांच्या वर्गास शिकवावे अशी गोष्ट १८८५ च्या सुमारास निघाली. हिंदुस्थानातील बिशपसाहेबांचे मत विचारण्यात आले. त्यांचे म्हणणे पडले की, स्त्रीने पुरुषांस शिकवणे योग्य दिसणार नाही. मायदेशी लोकांत तिचे वजन कमी होईल. रमाबाईंस ह्याचे फार आश्चर्य वाटले. त्यांनी उत्तर दिले की, माझी आई व मी तरुण पुरुषांस शिकवीत होतो आणि त्यास माझ्या वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही. मग इंग्रज ख्रिस्ती लोकांनी का घ्यावी? ह्यावरून दिसते की, बाईची जात ही गोष्ट एकट्या हिंदू ग्रंथांत नव्हती. ती बिशपांच्या दफ्तरातही होती, आणि ज्यांचा हेतू शुद्ध होता अशा भल्या माणसांच्या मनातही होती.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाकरिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे ती मराठी मुलगी डॉक्टर झालेली त्यांनी पाहिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले, बोस्टन येथे मदतीकरिता मंडळ स्थापन झाले, आणि बालोद्यान शिक्षणाची पद्धती शिकून त्या १८८९ साली परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनात प्रथम आलेली विधवा गोदूबाई. विधवा म्हणजे अपशकुनी, तिचे तोंड पाहू नये, असे लोक म्हणत. तीच गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली, आणि कर्व्यांच्या विधवांच्या कार्यात तिने जन्मभर हात दिला.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने स्वतः दुष्काळ भोगला होता तिला घरी बसवेना. रमाबाई तेथे गेल्या व शेकडो मुलींस आणि बायकांस घेऊन आल्या. केडगाव येथे शंभर एकरांच्या सुमारास जमीन घेतली होती. तेथे मुक्ति सदन उभे राहिले. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या सुमारास गेली.

आता ह्या दोन हजारांचे त्यांनी काय केले? त्या सर्व बायका, सर्व अनाथ, बहुतेक निरक्षर. कोणीही म्हटले असते की, सर्वांस जाती व चुली द्या, तेवढे पुरे. रमाबाईंनी तसे केले नाही. कोणी शेतावर राबल्या, कोणी गुरे व दूधदुभते पाहिले. कोणी मागावर बसल्या, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी शिलाईवर. कोणी शिक्षिका झाल्या. आणि स्वयंपाकघर संभाळणाऱ्या होत्याच, त्यांचा मानही कमी नव्हता. छापखाना उभारला, त्यात खिळे जुळवणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुलीच करीत. आंधळ्या मुलींकरिता बार्तीमी सदन होते. मनोरमाबाईंनी त्यांस बोटांनी वाचावयास शिकवले. काही मुली कोणत्याच कामात हुशार निघाल्या नाहीत. त्यांसही तेथे भाकरी व अंथरूण होते.

रमाबाईंचे स्वतःचे दिवस पाहा. सकाळी विहिरीच्या व इमारतीच्या कामावर देखरेख, मग आजारी मुलीच्या उशाशी बसणे, मग हिब्रू व ग्रीक ग्रंथ पुढे ठेवून पवित्र शास्त्राचे भाषांतर. खेड्यातील साध्या बाईस समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवण्याकरिता त्यांनी सुमारे अठरा वर्षे खर्च केली. ह्यांतील कोणते काम बायकी आणि कोणते पुरुषी? उशाशी बसणारी रमाबाई खरी आणि हिब्रूचे व्याकरण सोडवणारी उसनी, असे कोणी म्हणेल काय? मनोरमाबाई १९२१ साली निवर्तल्या. रमाबाईंनी भाषांतराचे शेवटचे काम संपवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. ते बायबल १९२४ साली छापून पुरे झाले. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट काढले, आणि केडगावचे काम आजही चालू आहे.

अशा बाईविषयी आपल्याकडे बोलण्याची एक रीत आहे. ती बाई नव्हे, पुरुषच म्हणावयाचा, असे आपण म्हणतो, आणि मोठी स्तुती केली असे समजतो. वाचकहो, ही स्तुती नव्हे. बायकांस अमुक येत नाही हा नियम आपण धरून बसतो. एका बाईने ते करून दाखवले की नियम मोडण्याऐवजी त्या बाईचे नावच बायकांच्या यादीतून काढून टाकतो. मग नियम शाबूत राहतो, आणि शेजारच्या घरातील मुलगी पाटीशिवाय राहते. पुरुषांचेही तसेच. जो बाप लेकरास मांडीवर घेऊन भरवतो त्यास आपण बायल्या म्हणून पुरुषांतून काढतो, आणि माया ही पुरुषाची नव्हेच असे पोरांस शिकवतो. ती पोरे मोठी होऊन बायकोवर हात उचलतात, तेव्हा आपण पाळकास बोलावतो.

पवित्र शास्त्रात असे सरसकट माप आम्हास आढळत नाही. एसाव रानात शिकार करी आणि त्याचा जुळा भाऊ याकोब तंबूत राहून वरण शिजवी. दोघेही एकाच आईच्या पोटचे पुरुष. दबोरा इस्राएलाचा न्याय करी, आणि सेनापती बाराक तिच्यावाचून लढाईस निघेना. प्रिस्किल्ला व अक्विल्ला हे नवराबायको एकच तंबू शिवण्याचा धंदा करीत, आणि दोघांनी मिळून विद्वान अपुल्लोसास मार्ग अधिक नीट समजावून दिला. आपला प्रभू मित्राच्या कबरेपाशी सर्वांदेखत रडला. त्यास कोणी बायल्या म्हणण्यास धजेल काय?

उपदेशक बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. मंडळीचा हिशेब कोणी ठेवावा, शाळेस कोणास पाठवावे, आजाऱ्यापाशी रात्री कोणी बसावे, हे ठरवताना बाई की पुरुष एवढेच पाहून थांबू नका. त्या मनुष्याचे नाव घ्या, त्याच्या अंगचा गुण पाहा, आणि मग ठरवा. रखमाबाईस आकडे येत असतील तर वही तिच्याकडे द्या. तिला येत नसतील तर देऊ नका, पण तिला येत नाहीत म्हणून साळूबाईस येणार नाहीत असे समजू नका. कोणाचा मुलगा शांत व मायाळू असेल तर त्यास मर्द करण्याकरिता मारू नका. रुग्णांच्या सेवेस असेच हात लागतात. आणि येत्या पेरणीनंतर शाळेत नावे घालण्याची वेळ येईल तेव्हा, ज्या घरी मुलीस धाकट्या भावंडास संभाळण्याकरिता मागे ठेवतात, त्या घरी एक फेरी घाला. तेथे अनंतशास्त्र्यांची गोष्ट सांगा. एकीस गोडी लागली नाही म्हणून त्यांनी पाटी फेकून दिली असती, तर ज्या मराठीत आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यांनी पवित्र शास्त्र वाचले ती मराठी लिहिणारी बाई झालीच नसती.